एका डाळ मिलचा हिशेब: कागदावर अकरा लाख, गल्ल्यात किती?

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, तालुक्यापासून तासाभराच्या आत. कपाशी आणि सोयाबीनचा पट्टा. तूर इथं एकटी कमीच दिसते, कपाशीच्या नाही तर सोयाबीनच्या ओळींमध्ये आंतरपीक म्हणून जास्त. घरटी पाच-दहा क्विंटल निघते. बहुतेक बाजार समितीत जाते, पोतं-दोन पोती घरच्या डाळीसाठी मागे राहतात. जात्यावर डाळ भरडणाऱ्या बाया आता गावात मोजक्याच आहेत.

या गावात दोन भावांची पिठाची चक्की आहे. थोरल्याला इथं दादा म्हणू, धाकट्याला धाकटाच. चक्कीचे पैसे कोणाकडून यायचे, कोणाचे आले, याची वही दादांची बायको ठेवते, तिला वहिनी. चक्कीमागे त्यांचं गोदाम आहे. ऑक्टोबर ते मार्च ते एक सोयाबीन व्यापारी महिना ६,००० रुपयांनी घ्यायचा. धाकटा पुण्यातली नोकरी सोडून परत आला होता आणि २०२२ च्या दिवाळीआधी दोघांनी डाळ मिल टाकायचं ठरवलं.

माझं काम हिशेब तपासणीचं आणि कर विवरणपत्रांचं. ते माझ्याकडे आले तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्ट तयार होता. मला फक्त सही-शिक्क्याचं विचारलं होतं.

रिपोर्टमध्ये काय होतं

२० लाखांचा प्रकल्प. १६ लाखांची यंत्रं, मोटारी आणि पॅनल, ४ लाखांची शेड आणि वाळवणीचा ओटा. वर्षाला १,००० क्विंटल तूर ७,५०० रुपयांनी घ्यायची (२०२२-२३ चा हमीभाव ६,६०० होता, बाजार त्याच्या वर चालला होता), ७६ टक्के डाळ काढायची आणि १०,८०० रुपये क्विंटलने विकायची. चुनी-भुशाचे, म्हणजे डाळ काढताना निघणाऱ्या चुऱ्याचे आणि सालीचे, ४ लाख ४० हजार वेगळे. पहिल्या वर्षीचा निव्वळ नफा ११ लाख ५६ हजार.

हा आकडा वाचून दादांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मोडायची मला घाई नव्हती. पण दुसऱ्या पानावर उत्पन्नाच्या बाजूला एक ओळ होती: 'शासकीय अनुदान ७,००,०००'. म्हणजे नफ्याचा निम्म्याहून मोठा भाग सरकारी पैशाचा होता, धंद्याचा नव्हता.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं हे खरं. किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. पण अनुदान मालकाच्या हाती पडत नाही. ते कर्ज देणाऱ्या बँकेत वेगळ्या खात्यात बसतं आणि तीन वर्षांनी कर्जखातं नियमित असेल तरच कर्जात वळतं होतं. ते भांडवलाच्या बाजूचं. दरवर्षी धंदा किती रोकड देईल, या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

हिशेब नव्याने मांडताना

नव्या प्रकल्पाची तपासणी करताना मी नफ्यापासून सुरुवात करत नाही. प्रश्न एवढाच ठेवतो की मिल टाकल्यामुळे या घरात दरवर्षी जादा किती रोकड येईल, आणि न टाकल्यास काय आलं असतं. बँकवाले त्याला ऑपरेटिंग कॅश फ्लो म्हणतात. विक्रीतून रोखीचे खर्च वजा करा, घसारा (यंत्र-बांधकामाची दरवर्षी घटणारी किंमत) वजा करा, उरलेल्यावर कर काढा, कर वजा करा आणि घसारा परत मिळवा. घसाऱ्यात पैसे कोणाला जात नाहीत, तो फक्त कर कमी करतो. म्हणून आधी वजा, मग परत जमा.

व्याज या हिशेबात घ्यायचं नाही. इथं दादा अडले. बँक व्याज घेणारच, मग ते का सोडायचं? कारण यंत्र कर्जाने घेतलं की शेत विकून, यानं यंत्राची कमाई बदलत नाही. कर्ज झेपेल का, हा वेगळा प्रश्न आणि तो नंतर विचारायचा. दोन्ही एकत्र केले की धंदा वाईट आहे की कर्ज महाग आहे हे कळत नाही.

मग गेलेल्या पैशांचा वाद झाला. रिपोर्टला १८ हजार आणि यंत्रं बघायला अकोला-नागपूरच्या चकरांना १२ हजार.

"हा खर्च लेहा न सायेब. तीस हजार गेले आमचे."

मी म्हटलं, मिल टाकली तरी गेले, नाही टाकली तरी गेले. निर्णयाच्या कागदावर त्यांना जागा नाही. दादांना ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. त्यांच्या मते तीस हजार घालवल्यावर मागे फिरणं म्हणजे तीस हजार बुडवणं.

याउलट दोन गोष्टी रिपोर्टमध्ये कुठेच नव्हत्या आणि त्या घ्याव्या लागल्या. गोदामात मिल बसवली किंवा माल ठेवला की व्यापाऱ्याचं भाडं बुडणार, वर्षाचे ३६ हजार. आणि धाकट्याची मेहनत. घरचा माणूस आहे म्हणून रिपोर्टमध्ये त्याचा पगार शून्य होता. आम्ही महिना १५ हजार धरला. तालुक्याला त्याला तेवढं काम सहज मिळालं असतं.

उतारा: दोन पोत्यांची परीक्षा

सगळ्यात जास्त वेळ मी एका आकड्यावर घालवला. ७६ टक्के उतारा.

तुरीचं साल डाळीला घट्ट धरून असतं. दाणे साफ करून रोलवर खरवडायचे, तेल चोळून ठेवायचे, उन्हात वाळवायचे, पाणी मारायचं, पुन्हा वाळवायचे आणि मग भरडायचे. पहिल्याच पाळीत सगळी डाळ निघते असं नाही. न फुटलेली गोटी परत फिरवावी लागते. प्रत्येक फेरीत थोडं पीठ, थोडी चुनी होऊन निघून जातं. दमट तूर असेल तर अजून जास्त.

मी त्यांना सांगितलं, मशीनवाल्याचं ऐकू नका, आपली तूर घ्या आणि नात्यातल्या माणसाच्या मिलमध्ये स्वतः उभे राहून काढा. धाकटा एक-एक क्विंटलची दोन वेगळ्या शेतांतली पोती घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. पहिल्या पोत्याची डाळ ६९ किलो, दुसऱ्याची ७१. तुकडा वेगळा काढला तर दोन्हीत दीड-दोन किलो अजून कमी. त्यानं चुनी, भुसा आणि पीठही तोलून ठेवलं होतं, मला सांगायची गरज पडली नाही. त्या फोननंतर मला वाटायला लागलं की हा माणूस धंदा करेल.

आम्ही ७० टक्के डाळ आणि २७ टक्के चुनी-भुसा धरला. रिपोर्टप्रमाणे तूर-डाळीतला फरक ११ लाख ४८ हजार येत होता, तो ६ लाखांवर आला. उताऱ्याचा एकेक टक्का साधारण ९० हजारांचा.

कोणते पर्याय होते

*पहिला, रिपोर्टमधलाच: स्वतः तूर घेऊन डाळ विकणे.* ६ लाखांच्या फरकातून मजुरी, वीज, तेल, बारदान आणि दुरुस्ती मिळून ३ लाख ३० हजार, धाकट्याचे १ लाख ८० हजार, बुडालेलं भाडं ३६ हजार. उरतात ५४ हजार. घसारा त्याहून जास्त असल्यामुळे कर नाही. वीस लाखांवर वर्षाला चोपन्न हजार.

आणि खेळतं भांडवल. तूर जानेवारी ते मार्चमध्ये रोखीनं घ्यावी लागते, डाळ दिवाळीपर्यंत विकली जाते. मार्चअखेर ६०० क्विंटल जरी पडून असली तरी ४५ लाख अडकले. रिपोर्टमध्ये खेळत्या भांडवलाला ५ लाख होते. एवढ्या मोठ्या फरकाला चूक म्हणायचं की अजून काही, ते मी रिपोर्ट बनवणाऱ्या एजंटावर सोडतो.

*दुसरा: तोच वीस लाखांचा संच, पण शेतकऱ्यांची डाळ मजुरीनं करून देणे.* तूर १,२०० क्विंटल, ६०० रुपये दराने. हरभरा, मूग, उडीद ३०० क्विंटल, ४५० रुपये दराने. हरभऱ्याची डाळ केली की बेसन आपल्याच चक्कीवर होईल, त्याचे ३० हजार जादा. एकूण ८ लाख ८५ हजार. रोखीचे खर्च, धाकटा आणि भाडं धरून ५ लाख ७६ हजार. शिल्लक ३ लाख ९ हजार.

घसारा काढताना अनुदानाची रक्कम यंत्राच्या किमतीतून वजा होते, तेवढ्या भागावर घसारा मिळत नाही. शिवाय यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी चाललं तर पहिल्या वर्षी दर निम्मा. तूर डिसेंबरनंतर येते, त्यामुळे आमचं पहिलं वर्ष निम्मंच होणार होतं. दुसऱ्या, पूर्ण वर्षाचा घसारा यंत्रांना १५ आणि बांधकामाला १० टक्क्यांनी १ लाख ६९ हजार आला. भागीदारी फर्मचा कर ३० टक्के आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. १ लाख ४० हजारांवर ४३,६८० रुपये कर. रोकड २ लाख ६५ हजार.

बरं दिसतं. पण पुढच्या वर्षांचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो, म्हणून १२ टक्के दराने सात वर्षांची रोकड आजच्या किमतीत आणली, तिसऱ्या वर्षाअखेरचं अनुदान मिळवलं, तरी घातलेले पैसे निघत नव्हते. साडेतीन लाखांहून जास्त तूट. कर शून्य धरून पाहिला तरी नव्वदेक हजार कमीच.

*तिसरा: निम्मा संच.* हा पर्याय आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हता. धाकट्याला तो अकोल्यात सुचला. तिथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळ मिल विदर्भात बऱ्याच गावांत चालते. त्या धर्तीचा छोटा संच बघून तो आला आणि म्हणाला, शेड कशाला, गोदाम आहे न. यंत्रं आणि वायरिंग ८ लाख ५० हजार, ओटा दीड लाख, एकूण १० लाख. अनुदान साडेतीन लाख. काम फक्त मजुरीचं.

त्याचा कागद असा झाला:

तूर ८०० क्विंटल, ६०० रुपयांनी: ४,८०,०००
हरभरा-मूग-उडीद २०० क्विंटल, ४५० रुपयांनी: ९०,०००
बेसनाचे चक्कीला जादा: २०,०००
मजुरी, वीज, तेल, दुरुस्ती: वजा २,१०,०००
धाकट्याचे हंगामाचे पाच महिने: वजा ७५,०००
गोदामाचं बुडालेलं भाडं: वजा ३६,०००
करापूर्वीची रोकड: २,६९,०००
घसारा ८६,००० वजा जाता १,८३,०००. त्यावर कर ५७,०९६
वर्षाची रोकड: २,११,९०४

दुसरीकडून पडताळा घेतला. २,६९,००० चे ६८.८ टक्के (कराचे ३१.२ गेल्यावर उरणारे) १,८५,०७२, आणि घसाऱ्यामुळे वाचलेला कर २६,८३२. बेरीज तीच. घसारा दरवर्षी घटत जातो, म्हणून वाचणारा करही घटवत नेला. उधारीसाठी ६० हजार बाजूला ठेवले, सातव्या वर्षी परत येतील असं धरलं. आजच्या किमतीत साधारण दीड लाख वर राहत होते.

वीस लाखांच्या संचातून वर्षाला दोन लाख पासष्ट, दहा लाखांच्या संचातून दोन लाख बारा. दादा बराच वेळ दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून बघत बसले.

निर्णय आणि अंमलबजावणी

तिसरा पर्याय ठरला. कर्ज झेपतं का ते आता पाहिलं. एक लाख स्वतःचे, नऊ लाख कर्ज, त्यातले साडेतीन लाख पुढे अनुदानातून वळते होणारे. उरलेल्या साडेपाच लाखांची पाच वर्षांची परतफेड व्याजासह सुरुवातीला वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास. झेपत होतं, पण काठावर.

८०० क्विंटलचा आकडा कुठून आला? धाकटा आणि वहिनी आसपासच्या बारा गावांत फिरले. बचत गटाच्या बायांशी वहिनी बोलली, शेतकऱ्यांशी धाकटा. "आणू न, तुमच्याचकडे आणू," असं सगळे म्हणाले. मी ते 'आणू' जसंच्या तसं धरलं. ती माझी चूक होती.

वीजभार वाढवून घ्यायचा अर्ज यंत्राची ऑर्डर दिल्यावर केला. डिमांड नोट, पैसे भरणे, मीटर यात यंत्र येऊन गोदामात उभं राहिलं आणि जोडणी मिळाली जानेवारी २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात. पहिली तूर तोवर दुसऱ्या मिलवर गेली होती.

काय झालं

पहिल्या हंगामात तूर आली ५२० क्विंटल, बाकी कडधान्य ६०. मजुरी झाली ३ लाख ३९ हजार. दाणे खरवडणारा एक एमरी रोल पुन्हा बसवून घ्यावा लागला, खर्च सगळा धरून ३ लाख १२ हजार. कागदावर २७ हजार.

मे महिन्यात वहिनी वही घेऊन आली.

"कागदावर पैसे हायेत अन् डब्यात येगळेच हायेत. हे कसं?"

वहीत उत्तर होतं. १३० क्विंटलवाल्या शेतकऱ्यांनी मजुरी पैशात दिलीच नव्हती. क्विंटलमागे सहा किलो डाळ देऊन गेले होते. हा रिवाज इथं जुना आहे, चक्कीवरही पूर्वी पीठ काढून घेत. म्हणजे ७ क्विंटल ८० किलो डाळ, १०० रुपये किलोने ७८ हजार, गोदामाच्या कोपऱ्यात कट्ट्यांमध्ये पडून. ३० हजार उधारी. हे १ लाख ८ हजार खेळत्या भांडवलात अडकले होते. आम्ही ६० हजार धरले होते, आणि तेही उधारीसाठी. डाळीच्या रूपात मजुरी येईल हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. वहिनीला विचारलं असतं तर तिला सुचलं असतं, पण आम्ही तिला फक्त बचत गटांबद्दल विचारलं.

२७ हजारांतून १ लाख ८ हजार वजा केले तर उणे ८१ हजार. तरी डब्यात ३० हजार होते, कारण धाकट्यानं पगार घेतला नव्हता आणि गोदामाचं बुडालेलं भाडं कोणाला द्यायचं नव्हतं. वहिनीला हे पाच मिनिटांत समजलं. मला बी.कॉम.ला एक वर्ष लागलं होतं.

पहिला हप्ता चक्कीच्या पैशातून गेला.

मग २०२३ मध्ये तुरीचे भाव चढत गेले. २ जून २०२३ ला केंद्रानं तूर आणि उडदावर साठा मर्यादा लावली, तरी शरदापर्यंत तूर दहा हजारांच्या पुढे होती. कट्ट्यांतली साठेक किलो डाळ किडीनं गेली, उरलेली दिवाळीला १४० रुपये किलोने विकली गेली. एक लाखाच्या वर मिळाले. दादा मला भेटले की एकच म्हणायचे, "सायेब, तुमच्या पायी हजार क्विंटल तूर हातची गेली." त्यांचं म्हणणं त्या वर्षापुरतं खोटं नव्हतं. पण पंचेचाळीस लाख आणायचे कुठून होते, याचं उत्तर त्यांच्याकडे तेव्हाही नव्हतं. आणि तो फायदा मिलचा नसता, भावाचा असता. मिल न टाकता नुसती तूर भरून ठेवली असती तरी तो मिळाला असता. २०२५ च्या सुरुवातीला हमीभाव ७,५५० असताना बाजार त्याच्याही खाली आला, तेव्हा दादांनी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या हंगामात, जानेवारी ते मे २०२४, मिल पहिल्या दिवसापासून सुरू होती. तूर ८६० क्विंटल, बाकी १५० क्विंटल. बेसनाचे मात्र १४ हजारच. सगळे खर्च, पगार आणि भाडं धरून ३ लाख ३४ हजार. करापूर्वी २ लाख ६३ हजार ५००. आमच्याच मापानं कर धरला तर रोकड २ लाख ८ हजार. अंदाजाच्या जवळ, एक वर्ष उशिरा.

वेगळं काय करता आलं असतं

वीजजोडणी आधी, यंत्र नंतर. यातच पहिल्या हंगामातली दीड-दोनशे क्विंटल तूर गेली असावी.

कराचा दर मी मुद्दाम पूर्ण धरला होता. प्रत्यक्षात भागीदारांना मानधन दिलं की ते मर्यादेत वजा मिळतं आणि फर्मचा कर बराच खाली येतो. सावधगिरी म्हणून ते सोडलं, पण दादांना तसं सांगितलं नाही. त्यामुळे त्यांना वाटत राहिलं की सरकार वर्षाला सत्तावन्न हजार नेणार. फर्मऐवजी धाकट्याच्या एकट्याच्या नावावर धंदा केला असता तर काय, हेही मी तपासायला हवं होतं. त्याला दुसरं उत्पन्न नव्हतं.

वर्ष कुठून कुठे मोजायचं हेही आधी ठरवायला हवं होतं. कर मार्चला मोजला जातो, हंगाम मे मध्ये संपतो. एकाच हंगामाची मजुरी दोन आर्थिक वर्षांत विभागली जाते, आणि बँक दर महिन्याचा हप्ता मागते. सप्टेंबरमध्ये या मिलमधून एक रुपयाही येत नाही. वर्षाची बेरीज बरोबर असली तरी तो सप्टेंबर हप्त्याला भारीच जातो. तुरीचा हंगाम धरून हप्ते लावून द्या असं बँकेला कर्ज मंजूर व्हायच्या आधी विचारायचं असतं. आम्ही नंतर विचारलं.

आणि ८०० क्विंटल. आता कोणी 'आणू' म्हणालं की मी निम्मं धरतो. तेव्हा निम्मं धरलं असतं तर हा पर्यायही उणे आला असता आणि मिल झालीच नसती. दुसऱ्या हंगामाचे आकडे पाहिल्यावर तेही चुकीचं ठरलं असतं. यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

मध्यंतरी धाकटा पुन्हा येऊन गेला. दोन लाखांचा ग्रेडर घ्यायचा म्हणतो, तुकडा वेगळा निघाला तर शेतकरी मजुरी पन्नास रुपये जास्त देतील. मी त्याला वहिनीची वही घेऊन यायला सांगितलंय, आणि यावेळी वहिनीलाही.